चार फुटांचा मे महिना

टोरीतल्या एका माणसाकडून पेटी आणली,
वापरलेली, चार फुटी.
आत एक दाढीवाला सरडा,
तापणारा प्लास्टिकचा दगड, लाल दिवा,
आणि छताला एक ट्यूब,
ती कधी बसवली ते त्यालाही आठवेना.
उर्वीने नाव ठेवलं, दाजी.
का, तर दाढी आहे आणि कुणाचंच ऐकत नाही.

पहिले तीन आठवडे दाजी राखेसारखा पडून.
रातकिडा नाकासमोरून गेला तरी
डोळा अर्धाच उघडायचा.
मी म्हटलं, ॲबर्डीनचा डिसेंबर आहे,
इथे माणसंही अशीच पडून असतात.

डॉक्टर कॅट्रिओना इनेस यांनी
त्याचा जबडा दोन बोटांत धरून पाहिला.
ट्यूब किती जुनी?
लागते की अजून, मी म्हणालो, लख्ख लागते.
उजेड दिसतो, तेवढंच, त्या म्हणाल्या.
त्यातलं जे हाडांना लागतं
ते आधीच निघून जातं. डोळ्यांना कळत नाही.

गाडीत बसल्यावर
मी बराच वेळ चावी फिरवली नाही.

शनिवारी सगळं उपसलं.
दगडाला रजा दिली:
पोटाखालची आग त्याला वेळेवर कळत नाही,
ऊन वरूनच यायला हवं.
लाल दिवाही गेला. रात्री अंधार लागतो, त्यालासुद्धा.
नवी ट्यूब बसवली, मधे काच न ठेवता.
काच उजेड आत घेते
आणि ऊन दाराबाहेर उभं करते.
(तिसऱ्या मजल्यावरच्या ऑफिसात खिडकीला टेकून
नऊ वर्षं मी ऊन खातोय असं समजत होतो.)

एका टोकाला दिवा, त्याला थर्मोस्टॅट,
खाली स्लेटची फरशी.
टेम्परेचर गन रोखली. छत्तीस.
दिवा बोटभर खाली. एकोणचाळीस.
अजून जरा.
बेचाळीस.

हा आकडा मला कुणी शिकवावा?
मी चंद्रपूरचा.
बेचाळीसला आम्ही म्हणायचो, आज जरा बरं आहे.
सायकलच्या सीटवर ओला टॉवेल, खिशात कांदा,
दुपारी एक ते चार रस्त्यावर फक्त एक कुत्रा,
तोही नालीत.
ज्या उन्हापासून एक डिग्री आणि दोन विमानं करून
पळालो,
तेच आता गुडघ्यांवर बसून,
दातांत स्क्रू धरून,
एकशे दहा पौंडांत परत बसवतोय.

दुसरं टोक चोवीस. तिथे सावली.
नको झालं की उठून जाता आलं पाहिजे,
असं पुस्तिकेत आहे.
सरड्याची धाव कुंपणापर्यंत, म्हणतात.
दाजीची बेचाळीसपासून चोवीसपर्यंत.
माझी वीस अक्षांशापासून सत्तावन्नपर्यंत;
मधे कुंपण कुठे लागलं, लक्षात नाही.

घराचं हीटिंग सतरावर.
वैदेही, दोन स्वेटर घालून, आधी मीटरकडे बघते
मग दाजीकडे.
या घरात ऊन एकालाच परवडतं, म्हणते,
आणि त्याच्यासाठी कोबीचं पान बारीक चिरते.

सकाळी सातला टायमर टक् करतो.
बाहेर सूर्याला अजून पावणेदोन तास.
दाजी फरशीवर चढतो, भाकरीसारखा पसरतो,
पाठ काळी करून घेतो,
थोड्या वेळाने तोंड उघडं ठेवून बसतो.
घाबरू नये. पुरेसं तापलं की तो असंच करतो.
मी समोर मोडा ओढून बसतो,
चहा, आणि बशीत डॉक्टरांनी दिलेली
व्हिटॅमिन डीची गोळी.

आज त्याने पुढचा एक पाय उचलला
आणि हवेत सावकाश गोल फिरवला.
उर्वी म्हणते, याचा अर्थ,
तू मोठा, मी तुझ्या वाटेला जात नाही.
असेल.
जिन्यावर कुणी नाही असं पाहून
मीही हात हलवला.