झारेकरीण

गुजरीतली दुकानं उघडायच्या आधी
बापू गटारातला गाळ उपसायचा.
सोनारांच्या कानशीवरून, हातांवरून,
चपलांच्या टाचेवरून गळालेलं जे काही असेल ते
घमेल्यात भरून पंचगंगेवर न्यायचा,
आणि शाळेआधी मी त्याच्या शेजारी उकिडवी बसायचे.
पाणी फिरवायचं, माती सोडायची,
परत पाणी.
शेवटी पाटीच्या कडेला एक पिवळी रेघ,
भुवईच्या केसाएवढी.
त्यातलंही अर्धं पितळ असतंय, म्हणायचा.

आता सागरमाळावर, तिसऱ्या मजल्यावर
मी उलटं करते.
सोनं आधीच विरघळलेलं असतं. ते पाणी उकळते,
लिंबाच्या आंबटाचा एक लांबचा नातेवाईक त्यात ओतते
आणि थांबते.
आधी पिवळसर, मग काहीच नाही,
मग शाईसारखं काळंनिळं,
मग एकाएकी लाल.
आमसुलाचं सार, म्हणाला बापू पहिल्यांदा बघून,
आणि मग, कुणी फसवलं तुला? सोनं लाल नसतंय.
एवढं बारीक केलं की होतं, म्हटलं.
किती बारीक?
आकडा ओठावर आला नि थांबले.
तुमच्या पाटीत गावलं नसतं एवढं.
तेव्हा तो दुखावला, असं मला अजून वाटतं.

त्या कणांच्या अंगावर आम्ही एक छोटा रेणू बांधतो.
तो कुणाला मारत नाही, नुसती हाक मारतो.
गाठ सांगत असते, मी तुमच्यातलीच,
आणि पांढऱ्या पेशी तिच्या उंबऱ्यावर
जेवणावळ उरकल्यासारख्या सुस्त बसून.
त्यांच्या कानाशी जाऊन म्हणायचं,
उठा, घरात कोण शिरलंय बघा.
फार मोठ्यानं म्हटलं तर सगळं घरच पेटतं.
नऊ नंबरचा उंदीर तसाच गेला, गुरुवारी,
ताप मोजायच्या आधी.
त्याच्या पिंजऱ्यावरची चिठ्ठी मी अजून काढलेली नाही.

चौदा नंबरची गाठ मात्र
ज्वारीच्या दाण्याएवढी उरली.
इंगवले सरांनी दोनदा मोजली,
काही न बोलता सगळ्यांना चहा सांगितला.
पुढच्या खेपेला तेच सोनं, तोच रेणू, हेच हात,
आणि काहीच झालं नाही.

बायनाआत्याच्या गालात आहे.
चाळीस वर्षं मिसरी लावली तिनं.
केमोच्या तिसऱ्या फेरीनंतर विचारलं,
तुझं ते लाल पाणी मला कधी गं?
आत्या, अजून उंदरांचंच चाललंय.
मग मला उंदीर म्हणून लाव की वहीत.
गाल धरून हसली.
मी डब्यातला वरणभात कालवत राहिले,
पातळ, अजून पातळ.

रात्री बापूला सगळं सांगितलं.
सुईतून आत गेल्या गेल्या
रक्तातली प्रथिनं त्यावर चिखलासारखी माखतात,
बहुतेक सगळं यकृत गिळून टाकतं,
प्लीहा उरलंसुरलं,
गाठीपर्यंत शंभरातला एखादाच कण पोचतो.
तो बराच वेळ अडकित्त्यात तीच सुपारी फिरवत होता.
शंभरात एक?
व्हय.
आमच्या धंद्यात एवढं मिळालं असतं
तर माडी बांधली असती की गं.
मग सुपारी कातरली,
आणि आत्याला उद्या दवाखान्यात कोण नेणार ते विचारलं.

आज शनिवार. इमारतीत वॉचमन आणि मी.
आत्याचा रिपोर्ट संध्याकाळी आहे.
चंबूतलं पाणी उकळतंय,
आत्ताच त्यातला पिवळा गेला,
निळा अजून आलेला नाही.
आरपार दिसतंय, भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा.
शंभर वेळा केलंय हे,
तरी या मधल्या अर्ध्या मिनिटाला
मी चंबूवरून नजर काढत नाही.