कच्चा रंग

पहाटे साडेपाचला येमुल सर अशोक चौकात उभे.
खांद्याला रेक्झिनची बॅग, बॅगेत कॅमेरा,
कॅमेऱ्याभोवती टॉवेल, त्यांनीच रंगवलेला,
तेहतीस वर्षांत एकदाही रंग न सोडलेला.
"उशीर केलास की बे, श्रीशैल."
मी चार मिनिटं आधी आलेला असतो.

तुळजापूर रोडला लागेस्तोवर आभाळ तीनदा बदलतं.
पुलापाशी चांदण्या, नाक्यापाशी नुसता काळोख,
आणि हिप्परग्याच्या बांधाला गाडी लावतो तेव्हा
पिळायची राहून गेलेली चादर तसा
परतीच्या पावसाचा एक ढग.

माझ्या ट्रायपॉडचा एक पाय घसरतो.
त्याच्याखाली चपटा दगड, दर रविवारी तोच.

सर डाईंग मास्टर होते.
उजेड बघायची त्यांची रीत अजून हौदाकाठची:
"हा गुलाबी टिकायचा नाही. कच्चा आहे."
आणि मी लेन्स पुसून वर बघेपर्यंत
गुलाबी धुऊन गेलेला.

मग थेंब. छत्री कॅमेऱ्यांना, आम्ही उघड्यावर.
कडक भाकरीचा तुकडा, शेंगाचटणी, पुन्हा थेंब.
थर्माकोलच्या तराफ्यावरून जाळं ओढणारा ओरडतो,
"पोटो काढा, पण गावात दावू नका,
मी दवाखान्यात हाय म्हणून सांगितलंय!"

दवाखान्यावरून आठवलं असावं.
सर उजवा डोळा मिटतात, उघडतात, डावा मिटतात.
उजव्याचा मोतीबिंदू गेल्या महिन्यात काढला,
डाव्याला दिवाळीनंतरची तारीख.
"डाव्यानं बघितलं की तळं चहाच्या पाण्यासारखं.
उजव्यानं बघितलं की नीळ दिलेलं धोतर.
मग मी शेड मॅच केले ते कुठल्या डोळ्यानं बे?"

माझ्याकडे उत्तर नाही, एक बटण आहे.
ऊन, सावली, ढगाळ, ट्यूबलाइट.
दाबत गेलो की तेच तळं चारदा कपडे बदलतं.
सर स्क्रीनवर वाकतात.
"हे माझं," एकावर बोट ठेवतात,
"आणि हे डॉक्टरचं."

बराच वेळ पाण्यावर काहीच होत नाही.
एक बगळा उठतो, दोन हात पुढं बसतो.

"रिटायर व्हायच्या वर्षी एक लॉट परत आला होता.
तीनशे चादरी. शेड पिवळट मारतो म्हणून.
मी म्हटलं, रंग बरोबर आहे,
नसेल तर कालवणाऱ्यानं चूक केली.
नरसिंग. बोल्लीचा पोरगा, आमच्याच गल्लीतला.
त्याला काढला."

मी दगड पायानं नीट करतो. तो नीटच असतो.

तेवढ्यात ढगाला मधोमध चीर पडते
आणि तळं हिरवं होतं,
ओळखू न येण्याइतकं हिरवं.
माझं बोट बटणावर,
सर माझं मनगट धरतात: "आगु, आगु."
घाई झाली की ते तेलुगूत येतात.
"नीळ हौदातून हिरवीच निघते.
हवा लागू दे तिला."

बाभळी हलतात. वारा बांधाकडून आत शिरतो,
आणि जिथं जिथं पोचतो
तिथं तिथं पाणी निळं होत जातं,
काठापासून तराफ्यापर्यंत,
तराफ्यापासून पुढं, दिसेनासं होईपर्यंत.
मी सात फोटो काढले. सरांनी एकही नाही.
ते दोन्ही डोळे उघडे ठेवून बघत होते.

परतताना चौकाच्या अलीकडेच म्हणाले, "इथं सोड."
"इथं कुठं?"
"नरसिंगचं टॉवेलचं दुकान आहे इथं. आता स्वतःचं."
दुकान उघडायला दीड तास होता.
वर पुन्हा भरून आलेलं.
मी गाडी वळवली तेव्हा
सर पायरीवर बसले होते, बॅग मांडीवर,
बंद शटरकडे बघत,
कधी हा डोळा मिटून,
कधी तो.