एकतारी

उभादांड्याला आमच्या मागीलदारी
वैशाखभर बरण्या उन्हात बसत.
रातांब्याच्या वाट्यांत दाबून भरलेली साखर,
तोंडाला जुन्या धोतराची फडकी,
आणि मुंग्यांवर नजर ठेवायला मी.

चौथ्या दिवशी साखर नसायची.
गेली कुठे, हे मी कधी विचारलं नव्हतं.
आरोलकर सरांनी विचारलं,
सायकल माडाला टेकवून, चष्मा कपाळावर सारून,
बरणीत अर्धं तोंड घालून.
विरघळली, मी म्हणाले.
हे उत्तर नव्हे गं, हे नुसतं क्रियापद आहे.

मग पडवीत बसून सांगितलं त्यांनी
दूरदेशीच्या एका कचेरीतल्या कारकुनाबद्दल.
दिवसा लोकांच्या शोधांचे कागद तपासायचा,
उरल्या वेळात विचार करायचा:
साखर पडली की पाणी जड पावलांनी का चालतं,
आणि त्या चालीवरून
साखरेचा एक कण केवढा, ते सांगता येईल का.
कण असतात की नाही
यावरच तेव्हा थोरामोठ्यांची भांडणं.
त्यानं सरबत घेतलं साक्षीला.
सरबत नव्हे, पण तू सरबतच समज.

केसाएवढ्या भोकाची काचेची नळी कॉलेजातून आली.
घड्याळ खेळाच्या मास्तरांचं, शंभर मीटरवालं.
नुसतं पाणी, एकेचाळीस सेकंद.
मग चमचा, अर्धा चमचा, पुन्हा अर्धा,
आकडे पाठकोऱ्या पावत्यांवर,
घामानं निम्मे फुटलेले.

आत चुलीवर पाक होता.
आवशीनं अंगठा नि बोट चिकटवून उघडलं,
मधे एक धागा लांबत गेला.
"एक तार इली. उतरय टोप."
नळीकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही.
सरांचं घड्याळ तसंच चालत राहिलं, ते वाचन बाद झालं.

माझं गणित जुळेना.
सूत्र म्हणे पाणी इतकं दाटेल,
माझ्या नळीत ते चौपट दाटायचं.
पुन्हा कर, सर म्हणाले.
सात वेळा केलं.
सूत्र छापलेलं होतं, मी नववीत होते,
तेव्हा चूक कुणाची, हा प्रश्नच नव्हता.
पावत्या मी तांदळाच्या डब्याखाली सारल्या.

चतुर्थीच्या आठवड्यात, माटवीचं सामान बांधत असताना,
सायकल पुन्हा माडाला.
कोल्हापूरहून आणलेलं जाड पुस्तक पिशवीत,
आणि दाराबाहेरूनच,
चपला न काढता:
अगं, चुकला होता तो!
आकडेमोडीत. पाचेक वर्षं तसंच राहिलं छापील.
मी जुनी प्रत वाचत होतो.
चौपटीतले अडीच पट त्या चुकीचे.
आणि राहिलेलं?
राहिलेलं पाणी.
साखर एकटी जात नाही,
थोडं पाणी अंगाला धरून जाते.

चूक धरली कुणी?
पिवळ्या डिंकाचे दाणे पाण्यात घोळवून
वाट बघत बसलेल्या एकानं.
कसला डिंक?
रातांब्याच्याच गोतातल्या झाडाचा.
आवशी नारळ सोलत होती, तिनं मान वर केली,
"मगे आमच्याच भावकीतलो!"
सर इतके हसले की पुस्तक तुळशीपाशी पडलं.

ते ऐकून माझी छाती फुगायला हवी होती.
मला मात्र तो दिसत राहिला,
रात्री दिव्यापाशी, एका ठिकाणी हात घसरलेला,
न कळता झोपी गेलेला.
माझ्या पावत्यांतही दोन जागी
सातचा एक झाला होता.

सर एक गोष्ट सांगत, खरीखोटी देव जाणे:
प्रबंध फार आखूड म्हणून परत आला,
तर त्यानं एकच वाक्य वाढवलं
आणि तो मान्य झाला.

म्हणून मीही वाढवते एक:
मोजून उरलेली साखर आवशीनं फुकट जाऊ दिली नाही,
त्या वर्षी आमचं सरबत गावात कुणाला संपवता आलं नाही.