मेथ्यांची वाटी

डिसेंबरचा दुसरा शनिवार, नेरूळ,
समाजमंदिराचा हॉल, दोन दिवस, भाडं आगाऊ.
टेबल नऊ माझं. पंख्याखाली नाही, दाराजवळ नाही,
चहाच्या किटलीमागे.
फ्लेमिंगोचे मग साडेदहालाच संपतात,
ते ऊर्मिला टिपणीस करते, दरवर्षी, कंटाळत.
उरलेल्या आम्हाला लोक विचारतात
मायक्रोवेव्हला चालेल ना, आणि
हातानं केलंय म्हणून महाग, की महाग म्हणून हातानं?

दुपारी एक बाई आली. पिशवीतून
शेवयांचा डबा काढला, डब्यातून वर्तमानपत्र,
वर्तमानपत्रातून चार खापऱ्या.
गेल्या वर्षी तुमच्याकडूनच घेतलेली, म्हणाली.
अशीच हवी.

ओळखली मी. बुडाशी माझा 'ह', लांब शेपटाचा,
आत अंगठ्याचा वळ, झिलई एका अंगाला ओघळलेली,
आणि बूड असं की सपाट फरशीलाच उतार वाटावा.
ऐंशी रुपयांना दिली होती. लाजत.

नव्या वाट्या पुढे केल्या.
बघा, आता किती नीट येतात.
तिनं एक उचलली, ठेवली, काठ बोटानं दाबला.
वाटी हलली नाही.
ही नको.

मग सांगितलं, घाईत, मागे लोक उभे होते म्हणून:
सासरे रात्री मेथ्या भिजवतात.
पहाटे पाचला, दिवा न लावता, वाटीत बोटं घालतात.
वाटी ओट्यावर डुलते. टक, टक.
भिंतीपलीकडे मला झोपेत कळायचं, उठले.
कूस बदलून मी सहापर्यंत निवांत.
आता काचेची आहे, जड. गप्प.
दोन महिने मीच पाचला उठून बघून येते.

जानेवारीभर मी वाकडी वाटी करायला बसले.
माती चाकाच्या मध्यावर आणायला
मला दीड वर्ष लागलं होतं,
आता ती मध्यावरून हलेना.
बूड मुद्दाम तासलं तर वाटी आडवी व्हायची,
मुद्दाम दाबलं तर दिसायची
गॅदरिंगमधल्या म्हाताऱ्यासारखी,
मिशी चिकटवलेली, वय सातवी ब.
अकरा वाट्या कच्च्याच बादलीत विरघळवल्या.
हात एकदा शिकला की शिकला.
त्याला मागच्या इयत्तेत बसवता येत नाही.

मंगळवारच्या बॅचला बिवलकर नवे,
वीज मंडळातून निवृत्त, चिखलातही खिशाला पेन.
तिसऱ्या दिवशीची त्यांची वाटी
ते बादलीत टाकणार, तेवढ्यात मी ओरडले.
सगळी चाकं थांबली.
बिवलकरांनी आधी स्विचबोर्डाकडे पाहिलं.

वाळवली. ऊर्मिलाच्या गच्चीवर भाजली,
झिलई दिली, पुन्हा भाजली.
फेब्रुवारीत कठड्यावर ठेवून काठाला बोट लावलं.
टक. टक. आणि एक तिसरी, अर्धी.
एक मिलिमीटरचा फरक राहिलाय, बिवलकर खजील,
पुढच्या वेळी काढतो.
काढू नका, म्हटलं.
पण ते काढणार. जूनपर्यंत काढतील.

बाई येऊन घेऊन गेली. ऐंशीच दिले,
पन्नास, वीस, दहा, बिवलकरांच्या हातात.
त्यांनी तिन्ही नोटा ओल्या बोटांच्या टोकांनी धरल्या
आणि विचारलं, पावती करू?

रविवारी तिचा फोन.
आवाज तो नाही, म्हणाली. जरा जाडा आहे.
पण एक गंमत सांगते.
सासरे हल्ली वाटी दोनदा हलवतात.
एकदा मेथ्या काढताना,
आणि मग एकदा,
रिकामीच.