नग एकशे त्रेचाळीस

यावलच्या कोठीवर मी चार दिवस ताटं मोजली.
कोर्टाचा हुकूम होता, तीन भावांत वाटणी,
आणि माझ्याकडे एक छापील तक्ता:
अनुक्रमांक, वर्णन, नग, शेरा.

पेटाऱ्यांत सरकीसकट कापूस भरलेला.
हात घालावा, चाचपावं, आणि बाहेर यावं
काहीतरी पांढरं, थंड,
उन्हाला थोडं आत येऊ देणारं.
कडेला फुलं, त्यांची नावं मला येत नाहीत.
एक किडा, इतका खरा
की मी तो दोनदा झटकला.
पाठीवर निळ्या दोन तलवारी, एकीवर एक.

जर्मनीहून बोटीने मुंबई, रेल्वेने भुसावळ,
पुढे बैलगाडीने, तापी ओलांडून.
रुबाब तडवी सांगतो, त्याचा बाप
गाडीच्या पुढे चालत आला
वाटेतले दगड उचलत.

जेवलं कोण त्यांत?
कलेक्टर, दोनदा.
एक पुलाचा इंजिनियर, तोही ताप आला म्हणून अर्धवट.
घरच्यांनी नाही. हाडांची पूड असते म्हणे त्यात.
घरचे केळीच्या पानावर जेवले,
ताटं उपाशी राहिली काचेमागे, मग कापसात.
फक्त एक भांडं, होडीसारखं, चोच असलेलं,
कशाचं ते कुणालाच कळेना,
ते थोरल्या बाईंची नजर चुकवून
गड्यांच्या पंगतीत गेलं, बट्टीवर तूप सोडायला.
त्याचा कान गेलाय.
शेरा: कान नाही.

बेरीज एकशे त्रेचाळीस. जुन्या यादीत एकशे चव्वेचाळीस.
पुन्हा मोजली.
तिन्ही भाऊ एकमेकांकडे बघायला लागले.

संध्याकाळी रुबाब म्हणाला, भाऊ, जेवून जा.
कळण्याची भाकरी, भरीत, वर कच्चं तेल,
आणि ते ज्यात आलं
त्याला मधोमध तडा, पितळेचे सात टाके,
बऱ्हाणपूरच्या कारागिराने घातलेले.
"मह्या हातून पडलं. चौदा वर्साचा होतो.
पगार कापला. तुकडे फेकाले सांगितले."
एवढंच बोलला, आणि कांदा फोडला बुक्कीने.

तेल टाक्यांपाशी थबकलं, मग पुढे गेलं.
मी भाकरीच्या तुकड्याने पुसत पुसत
त्या किड्यापर्यंत आलो
आणि त्याच्याभोवतीने वळलो.

रात्री तक्ता पुरा केला.
नग एकशे त्रेचाळीस.
शेरा: एक फुटले.
खोटं नव्हतं ते.
बोट पुसायचं राहिलं होतं,
आकड्याशेजारी तेलाचा डाग पडला, वाटोळा.
तो आता कोर्टात दाखल आहे.