उपस्थित अकरा

कुलरच्या टाकीत तिसरी बादली ओतली
आणि पुन्हा टेबलाशी बसले.
बाहेर सत्तेचाळीस. गोळीबार चौकात कुत्रंसुद्धा नाही.
प्रकरण सहावं: फोटोंतून नाहीसे झालेले लोक.

तीस वर्षं मी हेच करते आहे.
भिलाईला रशियनांबरोबर काम केलेल्या
धंतोलीतल्या एका म्हाताऱ्या इंजिनियरकडून भाषा शिकले,
तो क्रियापदं शिकवायचा भट्टीवरच्या शिव्यांसकट.
मग मायक्रोफिल्म मागवल्या, डोळे घालवले,
कबुलीजबाब वाचले.
किती सुवाच्य अक्षर असतं
मरायला निघालेल्या माणसाचं.
विद्यार्थी विचारतात, मॅडम, ते कबूल का करायचे?
मी सांगते: छळ, भीती, घरच्यांची काळजी,
आणि चौथं एक कारण, जे मला नीट सांगता येत नाही.
तिथे तास संपतो.

परवा बाबांची लोखंडी पेटी उघडली.
गिरणीच्या युनियनची इतिवृत्तं,
वाळवीनं समास खाल्लेला, मजकूर ठेवलेला.
बाबांचं अक्षर, कोष्ट्याचं, एकही धागा न सुटलेलं:
‘दौलत निखारे यांना शिस्तभंगाबद्दल
काढून टाकण्यात येत आहे.
उपस्थित अकरा. ठराव एकमताने मंजूर.’
खाली सह्या. मी मोजल्या.
अकरावी दौलतकाकांची.

दौलतकाका, जे दर जूनमध्ये
माझ्या पुस्तकांना कव्हरं घालायचे
त्या देशातून येणाऱ्या मासिकाच्या गुळगुळीत पानांची.
साऱ्या वर्गात फक्त माझ्या भूगोलावर ट्रॅक्टर होता,
गणितावर बर्फ.
पाचवीच्या जूनमध्ये त्यांनी दोन कव्हरं शेजारी शेजारी धरली,
चौथीचं जुनं आणि हे नवं.
तोच चौथरा, त्याच टोप्या, तेच वर केलेले हात,
फक्त डावीकडून तिसरा नव्हता.
त्याच्या जागी थोडं जास्तीचं आकाश.
काका हसले. “हा बुढा कुठी गेला बाप्पा?”
हेच त्यांनी गुरुवारच्या बैठकीत विचारलं.
एवढाच शिस्तभंग.

बाबा वाईट नव्हते. हे लिहायला हवं
आणि कुठल्या प्रकरणात ते कळत नाही.
संपाच्या त्रेचाळीस दिवसांत
आमच्या घरची ज्वारी आधी बदली कामगारांकडे गेली,
मग आम्ही जेवलो. जेवलो असलो तर.
त्यांना खरंच वाटायचं,
प्रश्न आत्ता नकोत, आधी उजाडू दे.

पेटीच्या तळाशी फाटकासमोरचा ग्रुप फोटो.
मागच्या रांगेत एक पांढरा, खरवडलेला गोल,
त्याखाली सदऱ्याच्या गुंड्या शाबूत.

ती दुपार मला आठवते.
अशीच तापलेली, दाराला ओली चादर.
बाबा म्हणाले, “तुही ब्लेड दे वं, पोरी.”
शिसपेन्सिलीला टोक करायची ब्लेड.
“काऊन?”
त्यांनी उत्तर दिलं नाही
आणि मी पुन्हा विचारलं नाही.
कंपासपेटीतून काढून दिली.
परत आली तेव्हा पुसून ठेवलेली होती.

पुढच्या वर्षीची कव्हरं मी स्वतः घातली. वाकडी.
काका बर्डीवर एकदा दिसले, सायकलला हवा भरत.
मी आईच्या पलीकडच्या बाजूला झाले.
मला कुणी सांगितलं नव्हतं तसं.

मॅडम, ते कबूल का करायचे?

कुलर घरघरतोय, पाणी संपत आलं.
फोटो चिकटवला. खाली लिहिलं:
‘लेखिकेच्या संग्रहातून.’
ब्लेडबद्दल अजून नाही.
तळटीपेचा आकडा मात्र टाकून ठेवलाय.