हुर्राकाच्या वहीत, उजवीकडे

वाळपईच्या डॉक्टर ज्युलियाना म्हणाल्या, लिहून ठेवा.
कधी दुखलं, किती वेळ, त्याआधी काय झालं.
नवी वही कशाला आणायची?
भट्टीच्या हिशेबाची होतीच घरात.
डाव्या पानावर किती डबे निरो, किती बाटल्या हुर्राक, कुणाची उधारी.
उजवं पान कोरं.

मग एकाच तारखेला
डावीकडे: तीन भाणं उतरली, बाबलो गावस दोन बाटल्या, पैसे बाकी.
उजवीकडे: डावा डोळा, दुपारी दोनपासून. दोनदा ओकले.

नवसो हसला. अर्धशिशी?
अगे, आपल्याकडे अर्धी शिशी कोण विकतो,
घ्यायची तर भरलेली घ्यावी.
मीही हसले. तोवर हसता येतं.

पुढच्याच ओळीत, सातच्या आकड्यावर
एक ठिणगी येऊन बसली.
सात अर्धा गेला.
ठिणगीला दात फुटले, करवतीचे,
ती पसरत पसरत कडेला निघाली,
आणि जिकडे बघेन तिकडचा निम्मा भाग नाही:
नवसोला एकच मिशी,
म्हशीला शेपूट आहे, म्हैस नाही.
डोळे मिटले तरी करवत चालूच.
म्हणजे ती डोळ्यात नव्हती.

नंतरचं काय सांगू.
लावणीत थेंब पडतो, त्याचाही आवाज होतो.

जाऊ सुरंगा म्हणाली, दिष्ट.
मीठमिरच्या ओवाळून चुलीत घातल्या,
त्या धुराने रात्रभर मी भिंतीला डोकं लावून.
दीर म्हणाला, देवचाराच्या वाटेत बोंडू सांडले असशील,
रोट आणि विडी ठेव.
ठेवली. सकाळी विडी नव्हती. डोकं होतं.

मी मात्र वासाला धरून बसलेले.
मार्च ते मे तो कुठे नसतो?
केसांत, उशीत, दर्पणाच्या दप्तरात,
कुजत्या बोंडवांचा आंबूस गोड वास.
लिहिलं होतं तसंच:
अकरा मार्च, गूळ खाल्ला, दुखलं.
अठरा मार्च, वास सोसवेना, दुखलं.
एकवीस मार्च, नुसत्या जांभया. मग दुखलं.

डॉक्टरांनी ओळींवरून बोट फिरवलं.
वास त्या दिवशी वाढला होता, की तुमचं नाक?
गुळाची ओढ आधी कधी लागली?
मी गप्प.
मग माझं मलाच दिसलं.
निरो आंबू लागला की वर फेस येतो.
फेसामुळे निरो आंबत नाही.
इतकी वर्षं मी
फेसाला शिव्या घातल्या.

त्यांनी पान उलटलं, चुकून डावीकडचं वाचू लागल्या.
आणि तिथे होतं.
प्रत्येक दुखण्याच्या आदल्या रात्री
दोन-दोन वाजेपर्यंत जाळ.
अकराची पेज राहिलेली, चार वाजता नुसता चहा.
आणि दुखायचं कधी,
तर भट्टी बंद असलेल्या दिवशी,
उशिरापर्यंत झोपायला मिळालं तेव्हा.
दमताना नाही. दम घेताना.
त्यांना गोळी तर द्यायचीच होती, दिली:
करवत संपली, ठोका सुरू झाला की लगेच, नंतर नको.

आता अकरा वाजता जाळ असो नसो,
मी पेजेचा वाडगा घेऊन बसते, लोणच्याच्या फोडीबरोबर.
सुट्टीलाही रोजच्याच वेळी उठते.
सुरंगा म्हणते, मोठी आली हापिसात जाणारी.
एप्रिलची उजवी पानं बरीच कोरी गेली.
तरी सत्तावीसला दुखलंच.
पेज जेवले होते, झोपले होते, ऊन घेतलं नव्हतं.
कारणाच्या जागी रेघ ओढली,
उधारी बुडाली की ओढतो तशी.

काल दर्पणा शाळेतून आली,
पंख्याखाली बसून जांभया दिल्या, एक, दोन, सहा.
म्हणाली, आई, गूळ आहे?
नंतर म्हणाली, शी, आज वास केवढा येतोय.
वारा उलट्या दिशेने होता.

मी खिडकीला गोधडी टांगली.
तिच्या हातात खडा दिला,
पेज गरम केली.
ती जेवत होती तेव्हा
उजवं पान काढून
वर तिचं नाव लिहिलं, तारीख,
आणि सध्या एवढंच:
फेस.